एकच फेरतपासणी

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला कुणी धाकटी म्हणावं, हे तसं भाग्यच. पण धाकटीला ते कधी भाग्य वाटलं नाही. विसरण्याचा आजार झालेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या एका केंद्रात ती अकरा वर्षं मदतनीस होती, आणि तिच्या टेबलावरचे आठही जण तिला आपापल्या घरातली कुठली तरी धाकटी समजायचे. कुणाची बहीण, कुणाची जाऊ, कुणाची शेवटची लेक. आठ घरच्या धाकट्यांचं काम एकटीनं करायचं म्हटल्यावर कंबर धरणारच. तिची रोज धरायची.

केंद्र म्हणजे एक लांबलचक हॉल. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला मोठी खिडकी, आणि मध्ये तीन गोल टेबलं. माणसं टेबलांवर भाषेप्रमाणे वाटलेली होती. या आजाराची खोड अशी की मागाहून शिकलेलं तो आधी काढून घेतो. शहरात येऊन पोटासाठी शिकलेली भाषा पहिल्यांदा जाते, आईच्या मांडीवर शिकलेली शेवटपर्यंत तग धरते. त्यामुळे ज्याला ज्याच्याशी बोलता येईल त्याच्याशेजारी बसवायचं, असं ठरलं होतं. दाराजवळ धाकटीच्या भाषेतली माणसं. मधल्या टेबलावर तिसऱ्याच एका भाषेतली. खिडकीजवळच्या टेबलाचा मदतनीस शिट्टी. चाळिशीतला, अंगानं सडपातळ, मनानं चांगला, आणि तोंडात कायम कुठली तरी धून. त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, तिथंच ते राहिलं.

दर महिन्याला प्रत्येकाचा एक कागद भरायचा असे. त्याला सगळे मनाचा कागद म्हणत. या आजारात नुसती आठवण जात नाही, उमेदही जाते, आणि ती गेलेली पटकन दिसत नाही. मुळात माणूस गप्प झालेलाच असतो, त्यात तो आजारानं गप्प आहे की दुःखानं, हे कोण सांगणार? म्हणून सोळा प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन; त्रास जितका जास्त, तितका आकडा मोठा. बेरीज दहाच्या वर गेली, तर त्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायला आठवड्यातून दोनदा बाहेरून कुणी तरी यायचं, तासभर बसायचं. दहाच्या खाली आली की ते बंद.

शिट्टी आठही कागद एका दुपारी भरायचा. टेबलापाशी उभा राहून प्रश्न मोठ्यानं वाचायचा, माना डोलल्या की खूण करायचा, की संपलं. धाकटीला आठ कागदांना आठ दिवस लागायचे. ती प्रश्न विचारतच नसे. कुणासोबत वाटाणे सोलत बसायची, कुणाच्या बोटांना तेल लावायची आणि गप्प राहायची. मग कधी तरी दहा मिनिटांनी, कधी तासानं, ते माणूस आपणहून काही तरी बोलायचं. आणि जे बोलायचं ते ऐकून घरी जाऊन तिला जेवण जायचं नाही. नवरा विचारायचा, "आज कुणाला रडवून आलीस?" ती म्हणायची, "रडवायला कशाला लागतं? भरलेलीच असतात." बेकरीच्या भट्टीवर पहाटेपासून राबणारा माणूस तो. तोही थकलेला, तीही थकलेली. घर काय, दोन थकलेल्या माणसांनी भांडी विसळून पालथी घालायची जागा झालं होतं.

तिच्या टेबलावरचे गवंडीकाका हे तिचं खरं दुखणं. चाळीस वर्षं भिंती बांधलेला माणूस. हात अजून परातीएवढे. दिवसभर हॉलच्या भिंतीवर तळवा फिरवत उभे राहायचे आणि म्हणायचे, "ओळंब्यात नाही." ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे की कललीय हे बघायचं. आधी धाकटीला वाटलं, कामाची सवय. चार महिन्यांपूर्वी एकदा त्यांच्या नखांतला मळ काढताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "धाकटे, मीच ओळंब्यात नाही गं. आतून ढासळलोय. रोज सकाळी उठलो की वाटतं, हे अजून चालूच आहे का." तिनं तो कागद भरला, बेरीज चौदा आली, आणि बोलायला येणारी बाई सुरू झाली. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी चार ते पाच. पहिल्या महिन्यात ते नुसते भिंतीकडे बघत बसले. दुसऱ्या महिन्यात बाईला म्हणाले, "बसा." तिसऱ्या महिन्यात एक दिवस हसले. काय बोलायचे ते धाकटीनं कधी विचारलं नाही. पण गुरुवारी सकाळपासून ते शर्टाची बटणं नीट लावून यायचे, एवढं तिला कळायचं. दिवसांची नावं विसरलेल्या माणसाला गुरुवार कसा कळतो, हे डॉक्टरलाही सांगता आलं नसतं.

एके दिवशी मॅनेजरबाईंनी धाकटीला आत बोलावलं. त्या वयानं तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण डोळ्यांखालची वर्तुळं दोघींची सारखीच. समोर मोठ्या ऑफिसातून आलेला तक्ता होता.

"बघा हे," त्या म्हणाल्या. "खिडकीचं टेबल, सरासरी तीन. मधलं, चार. तुमचं, बारा. वर विचारतायत, एकाच भाषेची माणसं इतकी उदास कशी? म्हणतायत, या भाषागटातच काही आहे का ते बघा."

"मॅडम, काही नाही आमच्या भाषेत. घरोघरी मातीच्या चुली."

"मग दुसरा अर्थ असा निघतो की तुमच्या भरण्यात काही आहे." त्यांनी डोळे चोळले. "राग मानू नका. पण तुम्ही त्यांच्याजवळ बसता, हात धरता, तो चेहरा करता. समोरचा रडणारच ना! या महिन्यात अदलाबदल करू. तुम्ही खिडकीवर, तो दारावर. कागदही त्यानंच भरायचे."

"त्याला आमची भाषा येत नाही."

"प्रश्न भाषांतर केलेले आहेत. वाचायचे फक्त."

उंटावरून शेळ्या हाकायला वरची माणसं बसलीच होती, त्यात आता हीही. धाकटी तोंडात आलेलं गिळून बाहेर आली.

आता खरं सांगायचं तर खिडकीच्या टेबलावर धाकटीला बरं वाटलं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं. तिला त्या भाषेतले सगळे मिळून पाच शब्द येत होते. बसा, पाणी, हो, नाही, छान. बाकी कोण काय बोलतंय हे नुसतं कानांवरून जायचं. उन्हात बसलेली आठ माणसं, त्यांच्या हालणाऱ्या माना, हसणारी तोंडं. कुणी काही म्हटलं की ती म्हणायची, "छान." चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आज कंबर दुखली नाही. घरी तिनं नवऱ्याला दोन विनोद सांगितले. तो चमचा हातात धरून बघतच राहिला. म्हणाला, "बरी आहेस ना?"

त्या टेबलावर एक आजी होत्या. शर्टाच्या कारखान्यात आयुष्यभर कॉलरी शिवलेल्या, म्हणून सगळे त्यांना कॉलरवाल्या आजी म्हणत. समोर येईल त्याची कॉलर सरळ करायच्या. धाकटी शेजारी बसली की रोज तिच्या कामावरच्या झग्याची कॉलर दोन बोटांनी नीट बसवायच्या, तिच्या गालाला हात लावायच्या आणि गोड हसून हळू आवाजात काही तरी म्हणायच्या. रोज तीच चार वाक्यं. धाकटीला वाटायचं, आशीर्वाद देतायत. तीही हसायची, म्हणायची, "छान, आजी, छान."

एका बुधवारी तिनं पाहिलं की आजींनी आपल्या ताटलीतला पाव शेजारच्या जाड्या आजोबांच्या ताटलीत सरकवला. मग भाजी सरकवली. आजोबांनी काही न विचारता खाऊन टाकली. आपल्या टेबलावर हे दिसलं असतं तर धाकटीनं त्या दिवशी दुसरं काही केलं नसतं. तिथं तिला वाटलं, प्रेम असेल. म्हातारपणी कुणाला कशाचं काय वाटेल! ती चहाचे कप गोळा करायला उठली.

महिनाअखेरीला तिनं कागद भरले. भाषांतराचा कागद समोर धरून अडखळत सोळा प्रश्न वाचले, तिच्या उच्चारांना सगळे खळखळून हसले. दोन, तीन, चार अशा बेरजा. कॉलरवाल्या आजींची एक. जेवणासमोर शून्य, कारण ताटली रोज रिकामी. आठ कागद, एक दुपार. शिट्टी उगाच नाही शिट्टी वाजवत, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तक्ता लागला. दाराच्या टेबलाची सरासरी बारावरून चार झाली होती. गवंडीकाका, तीन. पुढं लिहिलं होतं, संवादाच्या भेटी आजपासून बंद.

धाकटी तरातरा शिट्टीकडे गेली.

"काय विचारलंस त्यांना?"

"जे लिहिलंय ते, ताई. झोप लागते का, हो म्हणाले. मन लागतं का, हो म्हणाले. बरं वाटतं का, हो."

"अरे, तो माणूस सगळ्याला हो म्हणतो! चाळीस वर्षं ठेकेदारापुढं दुसरं काही बोलला नाही. उभा राहून कागदावरून कुणी विचारलं की त्याला ठेकेदारच दिसतो. तू पाच मिनिटं खाली बसला असतास तर?"

"मला तुमची भाषा येत नाही हो."

"डोळे आहेत ना? आज गुरुवार असून सकाळी बटणं उघडी होती त्यांची. दिसली नाहीत? माणूस बुडतोय आणि तू शून्य लिहितोस!"

सगळा हॉल ऐकत होता. शिट्टी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. धाकटी तशीच मॅनेजरबाईंकडे गेली आणि फेरतपासणी मागितली. फेरतपासणी म्हणजे मोठ्या ऑफिसातून डॉक्टर येतो, सोबत त्या भाषेचा दुभाषा आणतो, आणि तासभर बसून कागद नव्यानं भरतो. मॅनेजरबाईंनी छापील अर्ज काढून दिला.

"महिन्याला आख्ख्या केंद्राला एकच मिळते, माहीत आहे ना? नाव लिहा, दोनपर्यंत आणून द्या. खाडाखोड चालत नाही."

धाकटीनं तिथंच उभ्या उभ्या गवंडीकाकांचं नाव लिहिलं, शाईच्या पेनानं, ठळक. अर्ज घडी घालून झग्याच्या खिशात ठेवला. आता डॉक्टर येईल, बसेल, कळेल त्याला. पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा सुरू. तिला जरा हलकं वाटलं.

अदलाबदलीचा तो शेवटचा दिवस होता. जेवणं झाल्यावर ती खिडकीच्या टेबलावर बसली. शिट्टी आपलं हजेरीचं पुस्तक न्यायला आला होता, तिच्याकडे न बघता कपाट उघडत होता. कॉलरवाल्या आजींनी रोजच्यासारखी तिची कॉलर नीट केली, गालाला हात लावला, आणि हसून आपली चार वाक्यं म्हटली. धाकटी म्हणाली, "छान, आजी."

शिट्टीच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

"ताई," तो म्हणाला, "हे कधीपासून म्हणतायत?"

"रोज म्हणतात. महिनाभर. का?"

तो खुर्ची ओढून बसला. धाकटीनं त्याला हॉलमध्ये बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यानं आजींचा हात धरून काही विचारलं, त्यांनी तसंच हसत उत्तर दिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"त्या म्हणतायत," तो सावकाश बोलला, "मी जेवण टाकलंय हे कुणाला सांगू नकोस. तू शहाणी मुलगी आहेस. असेच थोडे दिवस काढले की मी सुटेन. मग तूही घरी जा."

धाकटीला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग तिनं आजींच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता आणि तरी घड्याळ कोपराकडे घसरत होतं. महिनाभर ते मनगट तिच्या नाकासमोर होतं. त्या मनगटाला धरून उन्हात बसली होती ती. आणि तोंडानं काय म्हणत होती?

"मला कधी नाही म्हणाल्या या," शिट्टी म्हणाला. "दोन वर्षं मी इथं आहे."

"तू कधी बसला नाहीस." हे ती रागानं म्हणाली नाही. राग आता राहिला नव्हता. "आणि मी बसले, तर..." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे लहानपणी शाळेत शंभरदा ऐकलं होतं. ते असं येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. भाषा येत नव्हती ही सबब शिट्टीला होती, तिला नव्हती. तिनं पाव सरकताना पाहिला होता. पाहिला आणि सोडून दिला, कारण महिनाभर कुणाचं दुःख तिला नको होतं. सुट्टी घेतली होती तिनं, आणि ती या बाईच्या जिवावर.

दीड वाजला होता. ती तोंड धुवायच्या खोलीत गेली, नळ सोडला आणि खिशातला अर्ज उघडला. गवंडीकाकांचं नाव. शाई छान वाळली होती. काका जेवतात, असं तिनं स्वतःशी म्हटलं. काका महिनाभर तग धरतील. धरतील का? गेल्या वेळी त्यांना एक "बसा" म्हणायला दोन महिने लागले होते. ते सगळं ढासळणार, आणि पुन्हा पायापासून बांधायचं. नाही बांधलं गेलं तर? आरशात बघायची तिला हिंमत झाली नाही. तिनं अर्ज फाडला.

"दुसरा अर्ज द्या, मॅडम. नाव बदलायचंय. खिडकीच्या टेबलावरच्या कॉलरवाल्या आजी."

"त्यांची बेरीज एक आहे. तुम्हीच भरलीय."

"खोटी भरलीय. त्यानं काकांची भरली तशीच. त्या जेवत नाहीत, मॅडम. ठरवून जेवत नाहीत. डॉक्टरला लवकर बोलवा."

मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि गवंडीकाका?"

"दोन नावं लिहू द्या."

"एकच मिळते. मी तुमच्यासाठी भांडले असते, पण गेल्या महिन्यात भांडून बघितलंय." त्या खोटं बोलत नव्हत्या, हे धाकटीला दिसलं. "मग मी वर काय कळवू? कुठलं टेबल उदास आहे?"

"ते मला नाही सांगता येणार. मी दोन माणसांबद्दल सांगू शकते. त्यातल्या एकाचं नाव लिहा."

त्यांनी लिहिलं. लगेच फोन केला. डॉक्टर सोमवारी येणार, तोपर्यंत शिट्टीनं आजींच्या प्रत्येक जेवणाला शेजारी बसायचं, असं ठरलं. तो बसलाच होता. पावाचा एकेक तुकडा करून आजींच्या हातात देत होता, आणि त्यांनी तोंड फिरवलं तरी उठत नव्हता.

तो गुरुवार होता. चार वाजता गवंडीकाका दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसले. बटणं उघडी होती, एक तर चुकीच्या काजात अडकलेलं. धाकटी आपल्या टेबलावर परत आली होती. त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, "ती बाई आली नाही अजून?"

कामावरचा नियम असा की असल्या वेळी विषय बदलायचा. येईल हं, चहा घ्या आधी. दहा मिनिटांत विसरतात. अकरा वर्षं धाकटीनं हेच केलं होतं, नव्या मुलींना हेच शिकवलं होतं. पण आज एका माणसाला खोटं छान म्हणून झालं होतं, दुसऱ्याला म्हणायची ताकद तिच्यात नव्हती.

"ती नाही येणार, काका. तिचं येणं बंद झालंय. परत मागता आलं असतं, पण मी दुसऱ्या कुणाचं नाव दिलं. तुमचं नाही दिलं."

त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. ते परातीएवढे हात मांडीवर पालथे पडले होते.

"मग मी कुणाशी बोलू?"

"माझ्याशी बोला ना."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. इतकं नीट त्यांनी कित्येक दिवसांत कुणाकडे पाहिलं नव्हतं. "तू दमलीस, धाकटे," ते म्हणाले. "तोंड बघ कसं झालंय. तुझ्यावर आणखी कुठं घालू?"

नाही हो, दमले कुठं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि रडू फुटलं. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो जड हात त्यांनी तसाच राहू दिला. तिनं झग्याच्या बाहीला डोळे पुसले, त्यांची बटणं सोडून पुन्हा एकेक नीट लावली.

"दमलेय," ती म्हणाली. "तरी सांगा तुम्ही."

पण तोवर ते काय सांगायचं होतं ते हरवलं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "ती बाई आली नाही अजून?"

धाकटीनं खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच पडला. पाच वाजेपर्यंत तिला ते आणखी तीनदा सांगावं लागलं, आणि दर वेळी त्यांना ते नव्यानंच कळलं.